जगभरचं घरचं जेवण आपल्या ओट्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी दुसऱ्या कुठल्या तरी देशातलं जेवण असतं. हॉटेलातलं नव्हे, तिथल्या घरातलं. ही खोड लागून अकरा वर्षं झाली. त्यात करपलेलं, फसलेलं आणि शेवटी वरणभात लावून निभावून नेलेलंही पुष्कळ आहे. मैत्रिणी, भाचरं आणि सोसायटीतले शेजारी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ज्याला जे हवं ते उचलावं.

सुरुवात कोणत्या पदार्थाने करावी?

त्या देशाचं पिठलं कोणतं ते शोधा आणि तिथून सुरुवात करा. पाहुणे येणार म्हणून पहिल्याच झटक्यात लझान्या करायला घेणं म्हणजे कुकर लावता येत नसताना पुरणपोळीला हात घालणं. दमून आल्यावर, महिनाअखेरीस, बाजारात न जाता होणारं काहीतरी प्रत्येक देशात असतंच. नेपल्सकडे ती लसूण-तेलातली स्पॅगेटी, लेबनॉन-सीरियात मुजद्दरा, ट्युनिशियात शक्शुका, इथिओपियात शिरो. या पदार्थांना सामान कमी लागतं, चुकले तरी खाता येतात, आणि त्या मातीची चव कळते ती यांच्यातूनच.

पहिला पदार्थ म्हणून मी मुजद्दराच सुचवते. अख्खे मसूर एक वाटी, तांदूळ एक वाटी, कांदे चार, जिरं, मीठ, तेल. संपलं. १२२६ सालच्या बगदादच्या पाकग्रंथात या पदार्थाची कृती सापडते (तिथे त्यात मांसही आहे). नावाचा अर्थ ‘देवीच्या व्रणांची’ असा आहे. पांढऱ्या भातात मसुराचे ठिपके दिसतात म्हणून. मसूर आधी अर्धे शिजवून घ्यायचे, मग तांदूळ घालून दोन्ही एकत्र. सगळी कमाई मात्र कांद्यात आहे. आपण कांदा गुलाबी झाला की थांबतो. इथे तो गर्द तपकिरी, करपायच्या एक पाऊल अलीकडे न्यायचा. मंद आचेवर पंचवीस मिनिटं तरी लागतात आणि तिथे घाई करून चालत नाही. अर्धा कांदा तेलासकट भातात, अर्धा वरून. सोबत घट्ट दही. याला खिचडी म्हटलंत तर मी भांडणार नाही, पण हळद घालू नका.

हे पदार्थ महाग पडत नाहीत का?

‘एक्झॉटिक’ पाटीखालचं सगळं घेतलंत तर पडतात. मी वर्षभर पाचच गोष्टी बाहेरच्या बाळगते: ड्युरम गव्हाचा पास्ता, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाची लहान बाटली, चांगला सोया सॉस, एक कडक जुनं चीज, आणि वाळवलेले शिताके मशरूम. पाचवी चैन आहे, कबूल. मुंबईकरांना हे सगळं क्रॉफर्ड मार्केटात मिळतं; बाकीच्यांना आता घरपोच मिळतं.

ऑलिव्ह तेल तळायला वापरू नका, पैसे कढईत जातात. ते शेवटी वरून घालायचं, आपण वरणावर तूप घालतो तसं. चिनी परतण्यासाठी शेंगदाण्याचं तेल उत्तम. दक्षिण चीनमध्ये तेच वापरतात.

परदेशी कृतीतला ‘कप’ म्हणजे आपली वाटी का?

नाही. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा. टेबलस्पून १५ मिलिलिटर, पण ऑस्ट्रेलियाचा २०, त्यामुळे तिकडच्या कृतीत मीठ-सोडा जपून घाला. ‘एक स्टिक बटर’ म्हणजे ११३ ग्रॅम. आपल्याकडचं नेहमीचं लोणी खारवलेलं असतं, तेव्हा वरचं मीठ कमी करा. ओव्हनचा आकडा ३५० दिसला तर तो फॅरनहाइटमध्ये आहे. आपला १८० समजा. आणि कॉर्नफ्लोअरचा घोळ: इंग्लंडमध्ये ते पांढरं स्टार्च, अमेरिकेत मक्याचं पीठ. एका भाचीने या गोंधळातून केलेला केक अजून आमच्या कौटुंबिक विनोदात आहे.

भात, आमटी, रस्सा यांना मोजमाप लागत नाही. भाजायच्या पदार्थाला मात्र वजनकाटाच लागतो. तो एकदा घ्याच.

पास्त्याचा गोळा का होतो? आणि व्हाइट सॉस कसा करायचा?

पाणी कमी पडतं म्हणून. इटालियन हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे: १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाणी खळखळ उकळलं की पास्ता टाका आणि पहिली दोन मिनिटं हलवत राहा. पाण्यात तेल घालू नका. ते वरच तरंगतं आणि नंतर पास्त्याला चिकटून सॉस धरू देत नाही. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी दाताखाली धरून पाहा. मधोमध किंचित कणी जाणवली की काढा.

ओतून देण्याआधी त्यातलं दोन वाट्या पाणी बाजूला ठेवायचं. या ढगाळ पाण्यात पिठूळपणा उतरलेला असतो, आणि तेल व पाणी एकजीव करून पास्त्याला चकाकी देणारा तोच. लसूण-तेलाच्या स्पॅगेटीत तर दुसरा सॉसच नसतो. दोघांसाठी आपल्या छोट्या लसणीच्या दहा-बारा पाकळ्या पातळ कापून चार चमचे ऑलिव्ह तेलात अगदी मंद आचेवर फिकट सोनेरी करायच्या. तांबूस झाल्या की कडू झाल्या, पुन्हा सुरुवात करा. कुटलेली लाल मिरची, पळीभर ते पाणी, मग पास्ता घालून मोठ्या आचेवर मिनिटभर हलवायचं. तेल तळाशी न साचता पास्त्याला लपेटून बसलं की झालं.

व्हाइट सॉसचं काय? कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मिळतो तो मैद्या-दुधाचा, ढोबळी मिरची आणि कॉर्न घातलेला पास्ता हा आपलाच पदार्थ आहे. मला तो आवडतो. त्याला इटालियन म्हणायची गरज नाही, इतकंच. रोममधल्या कार्बोनाराच्या पांढुरक्या सॉसमध्येही क्रीम नसतं. अंडं, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाची खारवलेली चरबी आणि मिरी, एवढंच.

खपली गहू घरात पडून आहे. पुरणपोळी सोडून त्याचं काय करता येईल?

हा प्रश्न सांगलीच्या मावशीचा. खपली म्हणजे इटलीतला फारो. धान्य तेच. टस्कनीच्या गार्फान्याना भागात त्याचं घट्ट सूप करतात, आणि आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात खपलीची खीर होते. म्हणजे सडलेली अख्खी खपली आपल्याला नवी नाही, फक्त गुळाऐवजी ती तिखटामिठात घालायची. रात्रभर भिजवा. ऑलिव्ह तेलात कांदा, गाजर, सेलरी आणि लसूण बारीक चिरून वितळेपर्यंत परता, एक टोमॅटो घाला. खपली आणि शिजवलेला पांढरा राजमा त्यात सोडा. अर्धा राजमा चुरून घातला की रस्सा आपोआप दाटतो. कुकरला लावू नका. उघड्या पातेल्यात पाऊण तास. रोझमेरीची एक काडी मिळाली तर उत्तम. वाढताना कच्चं ऑलिव्ह तेल वरून, भरपूर. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

घरी केलेलं हमस दुकानासारखं मऊ होत नाही. काय चुकतं?

काबुली चणे कमी शिजतात. उसळीला जिथे थांबतो त्याच्या बरंच पुढे जायचं. दोन बोटांत धरल्यावर चण्याचा लगदा झाला पाहिजे. भिजवताना आणि शिजवताना वाटीभर चण्यांना पाव-पाव चमचा खायचा सोडा घाला. अल्कलीने सालीतलं पेक्टिन सैल होतं, साली वर येतात, त्या काढून टाका.

दुसरं, ताहिनी. बाटली आणायची गरज नाही. पॉलिशचे पांढरे तीळ घ्या (सालासकट घेतलेत तर कडवट होते), मंद आचेवर चार मिनिटं फक्त गरम करा, रंग बदलू द्यायचा नाही. कोमट असतानाच मिक्सरमध्ये फिरवा आणि फिरवत राहा. आधी कूट होतं, मग गोळा, आणि धीर धरला की तेल सुटून धार पडते. अडलंच तर दोन चमचे तेल. संक्रांतीनंतर उरलेल्या तिळांची आमच्याकडे हीच गत होते.

तिसरी गोष्ट पाहून लोक घाबरतात. ताहिनीत लिंबू पिळलं की ती एकदम आखडते, घट्ट होते. फुटली असं वाटतं. फुटलेली नसते. बर्फाचं पाणी चमच्या-चमच्याने घालत फेटा, ती पांढरी होऊन मलईसारखी सैल पडते. मग त्यात चणे, लसूण, मीठ. शिजलेल्या दोन वाट्या चण्यांना अर्धी वाटी ताहिनी घाला. हमस या अरबी शब्दाचा अर्थच चणे, तेव्हा ‘बीटाचं हमस’ वगैरे ऐकलं की तिकडची माणसं का वैतागतात ते समजतं.

फलाफल तेलात विरघळतं.

चणे शिजवून घेतले असणार. शिजवायचे नाहीत. बारा तासांहून जास्त भिजवायचे, फडक्यावर कोरडे करायचे आणि डाळवड्यासारखे भरड वाटायचे. कच्च्या चण्यातला स्टार्च तेलात शिजताना वड्याला धरून ठेवतो; आधीच शिजून गेलेला असेल तर धरायला काही उरत नाही. इजिप्तमध्ये हेच वाळलेल्या सोललेल्या फावा वालांचं करतात, त्याला तामिया म्हणतात, आणि माझ्या मते ते जास्त हलकं होतं.

श्रीखंडाचा चक्का उरला तर?

साखर घातली नसेल तर ते लबनेह आहे. किलोभर दह्याच्या चक्क्याला चमचाभर मीठ, ताटलीत पसरून मध्ये खळगा, त्यात ऑलिव्ह तेल, वरून पुदिना किंवा भाजलेले तीळ. लेबनॉनमध्ये न्याहारीला रोज खातात. झालं उत्तर.

नाचणीचं भाकरी-सत्त्वापलीकडे काही होतं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा लांबण लागेल.

नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ मुलखातली, इथिओपिया-युगांडाकडची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि सह्याद्रीच्या उतारांवर अशी रुजली की आपण तिला आपलीच समजतो. इथिओपियात आजही ती पिकते, दागुसा म्हणतात. तिथल्या जेवणाचा पाया मात्र टेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्यावर. त्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून मोठ्या तव्यावर जाळीदार इंजेरा घालतात. फक्त एकाच बाजूने भाजलेला, आंबट, मऊ. तीच ताटली, तीच पोळी, तोच चमचा. त्याच्यावर कालवणं वाढतात आणि सगळे एकाच परातीतून खातात.

टेफ इथे सहज मिळत नाही. मी दोन वाट्या नाचणीच्या पिठात एक वाटी तांदळाचं पीठ आणि डोशाच्या जुन्या पिठाचे दोन चमचे घालून रात्रभर, थंडीत दीड दिवस ठेवते. पीठ आंबोळीपेक्षा पातळ. बिडाच्या तव्यावर कडेकडून आत गोल ओतायचं, जाळी पडली की झाकण, उलटायचं नाही. हा इंजेरा नव्हे. कोणी इथिओपियन पाहुणा आला तर मी तो शब्द उच्चारणार नाही. पण त्याच्यावर वाढायचा शिरो मात्र जवळजवळ तंतोतंत जमतो.

शिरो म्हणजे इथिओपियाचं पिठलं. (आपला शिरा वेगळा.) भाजलेल्या चण्यांचं किंवा वाटाण्यांचं पीठ, मसाला आणि पाणी. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक तिथे बुधवारी, शुक्रवारी आणि मोठ्या उपासांच्या काळात मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. असे दिवस वर्षात दीडशेच्या वर भरतात, त्यामुळे त्यांच्या शाकाहारी जेवणाला उपासाने धार आली आहे. शिरो त्यातला रोजचा.

आपल्या हाताला न पटणारी गोष्ट पहिल्याच पायरीला येते: कांदा तेलाशिवाय परतायचा. दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरून कोरड्या जाड पातेल्यात मंद आचेवर दहा-बारा मिनिटं हलवत राहा, चिकटला तर पाण्याचा हबका. कांद्याचं पाणी आटून त्याचा लगदा झाल्यावर मग चार चमचे तेल, आलं-लसूण आणि बर्बेरे मसाला दीड चमचा. बर्बेरेत भरपूर लाल मिरची, मेथीदाणे, धणे, मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ, ओवा, कलौंजी आणि तिथली एक वेलची असते; तिच्याजागी मी मसाला वेलची घालते. म्हणजे बहुतेक सगळं आपल्या मिसळणाच्या डब्यात आहे. मेथी विसरू नका, चवीचा कणा ती आहे. मसाला तेलात दोन मिनिटं मंद परता, तीन वाट्या पाणी, उकळी. आता अर्धी वाटी डाळ्याचं पीठ (फुटाण्याची डाळ दळून, कच्चं बेसन नको) एका हाताने भुरभुरत, दुसऱ्या हाताने घोटत घाला. पिठल्यासारखं पाच मिनिटांत उतरवायचं नाही. वीस मिनिटं रटरटू द्या. कडेला तेल सुटलं, बुडबुडे जड होऊन फुटायला लागले की तयार.

मक्याच्या पिठाचे टॉर्टिया लाटताना फाटतात.

फाटणारच, कारण मेक्सिकोतलं पीठ आणि आपलं मक्याचं पीठ वेगळं. तिथे वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवतात, साल धुऊन काढतात आणि ओलाच वाटतात. याला निश्तमाल म्हणतात. चुन्याने साल तर सुटतेच, पण पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन जीवनसत्त्वही शरीराला मिळतं. युरोपाने अमेरिकेतून मका आणला, ही पद्धत मागेच ठेवली, आणि उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा (नायसिनच्या अभावाचा रोग) झाला.

घरी करायचं असेल तर अर्धा किलो वाळलेला मका (स्वीट कॉर्न नाही, पॉपकॉर्नचाही नाही), पाच ग्रॅम खायचा चुना, दोन लिटर पाणी. पानाच्या ठेल्यावर मिळतो तोच चुना, पण सुगंध न घातलेला मागा. स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियमवर चुन्याची प्रक्रिया होते. पाऊण तास मंद उकळा, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी चोळून-चोळून चार-पाच पाण्यांनी धुवा. अडचण वाटण्यात आहे: मिक्सरला पाणी लागतं आणि गोळा सैल होतो. मी वेट ग्राइंडर वापरते, तरी मूठभर कोरडं पीठ घालावं लागतं. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबून, तापल्या तव्यावर. हे दर रविवारी होत नाही. वर्षातून दोनदा होतं.

एवढा खटाटोप नको असेल तर ज्वारीच्या भाकरीवर राजमा वाढा. त्याला टाको म्हणू नका आणि मजेत खा. राजमाही मूळचा त्याच मुलखातला. तिथे तो कांदा, लसूण आणि मीठ घालून नुसता शिजवतात, मग थोड्या चरबीत ठेचून परततात.

टॉर्टिया म्हणजे पोळी की ऑम्लेट?

मेक्सिकोत पोळी, स्पेनमध्ये बटाट्याचं जाड ऑम्लेट.

लेमनग्रास म्हणजे गवती चहाच ना? मग थाई करीला तो वास का येत नाही?

गवती चहाच. पण आपण पातं वापरतो, थायलंडमध्ये खालचा पांढरट जाड बुंधा. बाजारातल्या जुडीत तो बहुतेक वेळा छाटलेला असतो. कुंडीत लावला असेल तर मुळापासून उपटा, बाहेरची दोन पानं काढा आणि आतला कोवळा भाग चकत्या करून वाटणात घाला. नाहीच मिळाला तर पात्यांची गाठ मारून रश्श्यात सोडा आणि वाढताना काढून टाका.

गलांगल या आल्यासारख्या थाई कंदाऐवजी आलं चालतं असं बरेच जण सांगतात. मला नाही पटत. आल्याचा तिखटपणा वेगळा, गलांगलचा औषधी थंडावा वेगळा. काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेलं कुलंजन मिळतं, ते याच्या अगदी जवळचं. गरम पाण्यात भिजवून थोडंसं घाला. वाटणात कोथिंबिरीची मुळं धुऊन घाला, आपण फेकतो ती. आणि नारळाचं दूध घरी काढलेलं असेल तर आपली बाजू भक्कम आहे: पहिलं घट्ट दूध आधी कढईत एकटंच आटवायचं, तेल सुटेपर्यंत, आणि त्या तेलात वाटण परतायचं. सोलकढीत जे होऊ नये म्हणून आपण जपतो, तेच इथे मुद्दाम घडवायचं. डब्यातलं दूध बऱ्याचदा फुटत नाही, कारण ते फुटू नये म्हणून त्यात पदार्थ घातलेले असतात.

शेजवान चटणी खरंच शेजवानची असते का?

नसते. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. सिचुआनच्या जेवणाची खूण म्हणजे जिभेला येणारी झिणझिणी, आणि ती येते हुआज्याओ या मिऱ्यासारख्या फळाच्या टरफलातून. आपल्या गाड्यावरच्या लाल चटणीत ते नसतं. मांचुरियनही मांचुरियातलं नाही, त्याचं श्रेय १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करणाऱ्या नेल्सन वांग यांना देतात.

गंमत अशी की खऱ्या सिचुआनची चव कोकण-गोव्यातल्या घरांत बरणीत पडलेली असते. तिरफळ त्याच कुळातलं. दोन्हीकडे बी काढून टरफल वापरतात. आपण ते बांगड्याच्या तिखल्यात घालतो, तिकडे ते बटाट्यातही घालतात. आपल्या काचऱ्यांचा तो सिचुआनी भाऊ करून पाहा: बटाटे आगपेटीच्या काडीएवढे बारीक चिरा, चार पाण्यांतून धुऊन स्टार्च घालवा, निथळा. कडकडीत तेलात चार-पाच तिरफळं आणि सुक्या मिरच्या टाका, तिरफळं काळी पडण्याआधी काढा, बटाटे घाला. मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं, मीठ, चमचाभर व्हिनेगर. बटाटा कुरकुरीतच राहिला पाहिजे. घरचे म्हणतील कच्चा आहे. म्हणू द्या.

फ्राइड राइस मोकळा होत नाही.

कालचा, फ्रिजमधला भात घ्या. पण तो काल रात्री शिजल्यावर तासाभरात पसरून गार करून फ्रिजमध्ये गेलेला असावा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस जंतूचं विष तयार होतं आणि ते परतल्याने जात नाही. एका वेळी दोन माणसांपुरताच परता. घरच्या शेगडीला त्याहून जास्त झेपत नाही.

आपल्या तांदळाचे जपानी किंवा इटालियन प्रकार होतात का?

बासमतीचे होत नाहीत, इंद्रायणीचे होतात. मावळातला हा चिकट भात म्हणून लोक नाक मुरडतात. ओनिगिरीला, म्हणजे जपानी भाताच्या मुठीला, तोच चिकटपणा लागतो. भात कोमट असताना हात मिठाच्या पाण्यात बुडवून त्रिकोणी मूठ वळा. रिसोट्टो या इटालियन मऊ भातासाठी पिएमोंतेतला आर्बोरिओ तांदूळ खरा, पण इंद्रायणीचाही घट्ट, सरसरीत होतो. न धुता घ्या, भाज्यांचं उकळतं पाणी पळी-पळीने घाला आणि पंधराव्या मिनिटापासून चाखत राहा, कारण आपला तांदूळ लवकर मऊ पडतो.

आम्ही शाकाहारी आहोत. कुठे सावध राहायचं?

बाटल्यांच्या मागच्या बाजूला. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे, थाई करीच्या तयार वाटणात बहुधा सुकी कोळंबी, किमचीत माशाचा सॉस, जपानी मिसो सूपच्या पाण्यात बोनिटो मासा. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय (दूध गोठवणाऱ्या रसाशिवाय) बनत नाही. भारतात हिरव्या ठिपक्याचं चीज घ्या. मार्शमेलोत जिलेटिन.

जपानी पाण्याला पर्याय सोपा आहे: कोंबू समुद्रवनस्पती आणि वाळलेले शिताके रात्रभर गार पाण्यात. जपानच्या बौद्ध मठांत हेच करतात.

कांदा-लसूण चालत नसेल तर?

रोमचा काचो ए पेपे: पास्ता, पेकोरिनो चीज, मिरी. मूळ कृतीतच कांदा-लसूण नाही, काही वगळावं लागत नाही. चिवट गोळा होऊ नये म्हणून किसलेलं चीज वाटीत कोमट पास्त्याच्या पाण्यात आधी कालवा आणि गॅस बंद करून मिसळा. इथे हिंग घालायचा मोह आवरा.

अजिनोमोटो वाईट ना?

ते कंपनीचं नाव. पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पिकल्या टोमॅटोत, जुन्या चीजमध्ये, मशरूममध्ये ते आपसूक असतं. मी पुडी वापरत नाही, भीतीमुळे नव्हे. शिताके आहेत म्हणून.

ओव्हन नाही.

जगातल्या अर्ध्या घरांत नाही. मोदकपात्र म्हणजे उत्तम स्टीमर आहे, त्यात मोमो आणि चिनी बाओ दोन्ही होतात. जॉर्जियाच्या इमेरेती भागातली खाचापुरी तव्यावरच करतात: दह्यात भिजवलेला मैदा, आत खारं चीज, आपल्या पराठ्यासारखी भरून, झाकण ठेवून मंद भाजायची, वरून लोणी.

घरातली मोठी माणसं हे खात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो.

करावा लागतो, आणि करावा. रविवारी आमच्याकडे कुकर लागतोच. पण ताटात चमचाभर वाढायचं, नाव-गाव सांगायचं नाही, आग्रह करायचा नाही. आमच्या सासूबाईंनी हमस तीन वर्षं बाजूला सारलं, पास्त्याला त्या अजून ‘रबर’ म्हणतात. शिरो मात्र पहिल्याच घासाला ओळखला. “पिठलंच की हे,” म्हणाल्या, “मेथी घातलीस होय? आणि फोडणी द्यायला विसरलीस.” मी इथिओपिया, बुधवारचे उपास वगैरे सांगायला लागले, तोवर त्यांनी पळीत तेल तापत ठेवलं होतं.